काळजात चढलेली गाठ आणि आमचे बिराजदार सर

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. सर्जनचे हात गुंतलेले, सिस्टरचं लक्ष हत्यारांवर, पेशंट गाढ झोपेत. मग बोलायला उरतं कोण? पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसून काळा फुगा दाबणारी मी! तीस वर्षं त्या स्टुलावर काढली. रिटायर होऊनही आता खूप दिवस झाले, पण अजून सात रस्त्याच्या चौकात रिक्षा अडकली की एखादा किस्सा वर येतो. रिक्षावाल्याला सांगावासा वाटतो. तो बिचारा हॉर्न वाजवत असतो. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

किस्से खूप आहेत, पण आज फक्त बिराजदार सरांचे सांगते. सत्तरच्या दशकातली वर्षं. सोलापुरातलं आमचं मोठं हॉस्पिटल, त्याचं एकच बरं थिएटर, आणि त्यात आम्ही चौघं. सर्जन बिराजदार सर, थिएटरच्या गायकवाड सिस्टर, वॉर्डबॉय रसूलभाई आणि मी.

रसूलभाई पन्नाशीचे होते, पण हुद्दा ‘बॉय’! ते म्हणायचे, “रिटायर हुए तक मैं बॉयच रहता, मॅडम. जवानी सरकारने दी!”

*

सगळी सुरुवात पवार गुरुजींपासून झाली.

गुरुजी मोहोळकडचे. प्राथमिक शाळेत गणित शिकवायचे. लघवीतून रक्त जायला लागलं म्हणून आले. उजव्या मूत्रपिंडाला गाठ होती. मूत्रपिंडाची गाठ काढणं सरांना नवीन नव्हतं. पोट उघडलं. सगळं ठीक चाललं होतं, आणि एकदम सरांचे हात थांबले.

गाठ मूत्रपिंडात थांबलीच नव्हती. तिथून ती शरीरातल्या सगळ्यात मोठ्या शिरेत शिरली होती आणि शिरेच्या आतून, वेल चढावी तशी, वर निघाली होती. सरांनी शिरेवरून बोट वर वर नेलं. लिव्हरच्या पाठीमागे गेलं. शीर कुठंच मऊ लागेना.

“बाई,” सर मला म्हणाले, “ही थेट काळजात गेलीय.”

तिथून गाठ काढायची तर हृदय थांबवून उघडावं लागतं. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम करणारं एक मशीन लागतं. ते मुंबईला होतं. आमच्याकडे नव्हतं. सरांनी पोट पुन्हा शिवलं.

तिसऱ्या दिवशी सर गुरुजींच्या खाटेवर बसले आणि जे खरं ते सांगितलं. मुंबईला जाण्याइतकी ताकद गुरुजींच्यात राहिली नव्हती.

गुरुजींनी विचारलं, “म्हंजे अर्धवट सोडलं म्हना की?”

“हो गुरुजी. मला जमलं नाही.”

“आसू द्या. पोरांना मी सांगतो, परीक्षेत गणित अडलं तर तितंच बसायचं न्हाय. सोडून म्होरं जायचं.”

सरांचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात गुरुजींनी बोट वर केलं.

“पन घरी गेल्यावर ते सोडवायचंच! न सोडवता झोपायचं न्हाय!”

दीड महिन्यात गुरुजी गेले. सर मात्र तेव्हापासून जे गृहपाठाला बसले, ते उठलेच नाहीत.

*

सर होते कट्टर शाकाहारी. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातले लिंगायत. अंडं घातलेल्या केकच्या ताटलीलाही हात लावायचे नाहीत. घरी ते आणि त्यांची आई, एवढंच.

एके सकाळी त्यांनी रसूलभाईंना बोलावलं. “मला रोज एक बकऱ्याचं काळीज लागेल. नुसतं काळीज नको. खालची मोठी शीर, लिव्हर, गुर्दा, सगळं एकाला एक जोडलेलं. कुठं कापायचं नाही.”

रसूलभाईंनी खाटकाला तसंच सांगितलं. खाटीक चक्रावला. “कलेजी समझ्या, गुर्दा समझ्या. ये नली का क्या पकाते तुमारे डॉक्टरसाब?”

ओपीडी संपली की सर मागच्या खोलीत बसायचे. बकऱ्याच्या त्या शिरेत खालून एक मेणबत्ती सरकवायची, वर हृदयापर्यंत. मग घड्याळ लावायचं, हृदयाला छेद द्यायचा, मेणबत्ती अख्खी ओढून काढायची, छेद शिवायचा. मेणबत्ती मोडली की पहिल्यापासून. घड्याळ बघायला मी, टाके मोजायला सिस्टर.

पण सोलापूर ते सोलापूर! दोन आठवड्यांत बातमी गावभर झाली. बिराजदार डॉक्टर रोज मटण घेतात! अख्खं बकरं लागतं म्हणे एकट्याला! ती सरांच्या खेड्यात पोचली, आणि तिथून गावी गेलेल्या त्यांच्या आईच्या कानावर. म्हातारी मिळेल त्या एसटीनं निघाली ती घरी न जाता थेट हॉस्पिटलात. मागच्या खोलीचं दार तिनं ढकललं तेव्हा सरांच्या हातात काळीज होतं आणि बाहीवर रक्त!

“अव्वा...” सर उभेच राहिले.

सरांनी तिला सगळं सांगितलं. थोडं कानडीत, थोडं मराठीत. मेणबत्ती दाखवली. गुरुजींचं सांगितलं. म्हातारी पदर नाकाला लावून ऐकत होती. मग वाकून तिनं टेबलावरचे टाके बघितले. बराच वेळ बघितले.

“हितं सैल पडलंय,” ती म्हणाली. “नीट शीव. बकऱ्याचं आसलं म्हनून काय झालं? काळीजच हाय की!”

*

थिएटरच्या बाहेर कपडे बदलायची एक खोली होती. तिथं भिंतीला देवाचं कॅलेंडर असायचं. सरांनी एक दिवस त्याच्या शेजारी एका परदेशी मासिकातलं चित्र चिकटवलं. हार्ट-लंग मशीनचं. काचेचे सिलिंडर, रबरी नळ्या, फिरणारे पंप. हात धुता धुता ते त्याच्याकडे बघत राहायचे. लोक मुलीच्या लग्नासाठी स्थळाचा फोटो बघतात ना, तसे! आतमध्ये पेशंट झोपवून मी वाट बघतेय, आणि सर बाहेर चित्र बघतायत.

सर दरवर्षी मशीनची मागणी लिहून पाठवायचे. दरवर्षी उत्तर यायचं, ‘विचाराधीन’.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करायचो. गायकवाड सिस्टर बौद्ध होत्या. त्यांच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब सोडून कुणाला हार नसायचा. पण थिएटरची झेंडूची माळ त्या स्वतः ओवायच्या. “हत्यारांचा मान हाय, सर. त्यात देव कुठं आला?” असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी माळ घालून झाल्यावर दोन फुलं उरली. सिस्टरांनी ती मशीनच्या चित्राला खोचली.

“सिस्टर, हे काय?” मी विचारलं.

“यंदा फोटो,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी साक्षात!”

पुढच्या वर्षी पण फोटोच होता. त्याच्या पुढच्या वर्षी पण. सिस्टर दर वर्षी तेच वाक्य म्हणायच्या आणि दर वर्षी सर गंभीरपणे मान हलवायचे.

*

त्याच काळात पुण्याहून माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा डॉक्टर, सज्जन, मलाही आवडलेला. लग्नानंतर पुण्यालाच राहायचं होतं. मी म्हणायची, “एवढा दसरा होऊ दे.” मग म्हणायची, “एवढा मार्चएन्ड होऊ दे, कदाचित मशीन मंजूर होईल.” दोन वर्षं त्यानं वाट बघितली.

शेवटी तो स्वतः सोलापूरला आला. आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसलो. त्यानं अगदी शांतपणे विचारलं, “तुमच्या या सोलापुरात असं काय आहे, ते एकदा मला सांगाल?”

मी खूप विचार केला. मला खोटं बोलायचं नव्हतं.

म्हटलं, “एक फोटो आहे.”

त्यानं वेगळाच अर्थ घेतला! पुढच्या महिन्यात त्याची पत्रिका आली, दुसऱ्या मुलीशी. मी साडी पाठवली. चांगली, इरकल.

*

आणि मग नरसम्मा आली.

पस्तिशीची बाई. नवरा राजय्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. घरची बोली तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. नरसम्मा घरी विड्या वळायची. तिला आणलं तेच खाटेवर घालून, कारण बसवलं की ती बेशुद्ध पडायची. झोपवलं की पाच मिनिटांत शुद्धीवर. पाय सुजलेले, पोट फुगलेलं. लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे.

सरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. झोपलेली असताना ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं. मग पायाच्या शिरेत रंग सोडून एक्स-रे काढले. ओली फिल्म त्यांनी खिडकीशी धरली. मोठ्या शिरेच्या मधोमध एक लांबलचक काळी सावली, बोटासारखी. तिचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात. बसलं की ते टोक खाली झुकून झडपेचं तोंड बंद करत होतं.

सर म्हणाले, “बाई, गृहपाठ आला.”

आधी मुंबईचा प्रयत्न केला. तिथल्या डॉक्टरांनी लगेच घेऊन या म्हणून कळवलं. सकाळच्या गाडीत एक अख्खा बाक धरला. मी आणि राजय्या बरोबर. नरसम्माला सपाट झोपवलं. पण कुर्डूवाडीला डब्यात एक मावशी चढल्या. मी खिडकीतून पाणी घेत होते तेवढ्यात त्यांना दया आली. “लेकराला बसून तरी चहा घेऊ द्या की गं,” म्हणून त्यांनी तिला उठवून बसवलं!

नाडी गेली. श्वास गेला. मी तिला आडवं केलं, छाती दाबली, तोंडानं हवा भरली. राजय्या नुसता “अय्यो, अय्यो” करत होता. मावशी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मला तर पूर्ण जन्म गेल्यासारखा वाटला.

नरसम्मानं डोळे उघडले.

“डॉक्टरीणबाई, मुंबई आलं का?”

“नाही गं बाई. कुर्डूवाडी.”

तिनं जरा विचार केला. “मग चहा तरी द्या की!”

आम्ही तिथंच उतरलो आणि उलट्या गाडीनं सोलापूरला परतलो. मुंबईपर्यंत ती पोचणार नव्हती, हे मला कळलं होतं.

*

त्या संध्याकाळी सरांनी राजय्याला समोर बसवलं. “मशीन नाही. पण दुसरी एक जुनी रीत आहे. माणसाला बर्फात ठेवून थंड करायचं. शरीर थंड झालं की मेंदू थोडा वेळ रक्तावाचून तग धरतो. त्या वेळात हृदय उघडायचं. शिकत असताना मी ते बघितलंय. स्वतः कधी केलं नाही. टेबलावर ती जाऊ शकते, राजय्या. तुला खोटं सांगत नाही.”

“किती टाइम मिळतंय, सर?”

“सहा मिनिटं.”

राजय्या हिशोब करायला लागला. सहा मिनिटांत मागावर टॉवेल किती सरकतो, तो. मग त्याला रडू फुटलं. “सर, तेवढ्यात धागा तुटलं तर जोडून होत नाही हो.”

पडद्यामागून नरसम्माचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती.

“सर, मी बसलं की अंधार येतंय. झोपलं की वरचं पत्रं दिसतंय. चार महिनं झालं, पत्र्याचं खिळं मोजायलेय. मला दारात बसायचंय. मांडीवर सूप घिऊन, विडी वळत. येनाऱ्याजानाऱ्याला ‘कुटं चाललाव?’ म्हनून इचारायचंय. त्याच्यासाठी सहा मिनिट लई झालं की!”

सरांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

*

मे महिना. सोलापूरचा मे! रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. रसूलभाईंना बर्फाच्या कारखान्यात पाठवलं. बारा लाद्या हव्या होत्या, एकाच वेळी, सकाळी सहाला.

मॅनेजरनं हॉस्पिटलचं नाव ऐकलं आणि टोपी काढली. “मय्यत कब हुई?”

“हुई नै.”

“फिर इत्ता बरफ?”

रसूलभाई भडकले. “अरे, मय्यत नको हुनेकूच तो बरफ होना!”

मॅनेजरनं टोपी पुन्हा घातली आणि वहीत बारा लाद्या मांडल्या. पण सकाळी बाराच्या ऐवजी वीस लाद्या आल्या, आणि लाद्यांबरोबर तो स्वतःही आला.

रक्तही हवं होतं. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटल्यावर आमच्या आवारात सायकलीच सायकली झाल्या. राजय्याबरोबरचे मागवाले. सुईला घाबरणारे, डोळे घट्ट मिटून दंड पुढं करणारे. एकानं मला हळूच विचारलं, “मॅडम, माझं रक्त गेलं तर वैनी माझ्यावानी बोलायला लागतील का हो? मी लई शिव्या देतंय!”

*

ऑपरेशनचा दिवस.

नरसम्माला भूल दिली आणि रबरी चादरीवर बर्फात ठेवलं. मी दर मिनिटाला तापमान बघत होते. सदतीस, पस्तीस, तेहतीस. बत्तीसला बर्फ काढायचा, कारण त्यानंतरही शरीर आपोआप दोन अंश उतरतं. आणखी खाली गेलं तर हृदय नुसतं थरथरतं, चालत नाही. बाहेर लोकांच्या अंगातून घामाच्या धारा, आणि आत माझी बोटं गारठलेली.

सरांनी पोट आणि छाती दोन्ही उघडली. खाली ओटीपोटात शिरेत गाठीचं मूळ सापडलं. ते कापून मोकळं केलं. मग वर आले. हृदय उघडं पडलं होतं, हळूहळू चाललेलं.

“बाई,” सर म्हणाले, “रक्त थांबवल्यापासून दर अर्ध्या मिनिटाला मोठ्यानं सांगा. मला घाबरवायचं नाही. नुसतं सांगायचं.”

त्यांनी शिरा आवळल्या. मी घड्याळ लावलं.

“अर्धं.”

हृदयाला छेद.

“एक.”

गाठीचं टोक दिसलं. पांढरं, गुळगुळीत. सरांनी ते चिमट्यात न धरता बोटांत धरलं आणि ओढलं.

“दीड.”

येईना.

“दोन.”

येईना! लिव्हरच्या मागं कुठंतरी अडकलं होतं. जोर लावला तर तुटणार. सर थांबले. अगदी थांबले. ते अर्धं मिनिट मी अजून विसरले नाही. कुणाचाच श्वास ऐकू येत नव्हता, पेशंटचाही नाही.

“अडीच,” मी म्हटलं. माझा आवाज फाटला.

सरांनी बोटं किंचित फिरवली, किल्ली फिरवावी तशी. आणि ती गाठ निघाली! अख्खी. दीड हात लांब. सर ओढत होते आणि ती येतच होती, येतच होती.

“या अल्ला,” रसूलभाई पुटपुटले, “कित्ती है?”

“तीन.”

कप्पा सलाइननं भरला, हवा राहू नये म्हणून. टाके. एक, दोन, तीन... “साडेतीन.” “चार.” “साडेचार.”

“सोडतोय,” सर म्हणाले, आणि शिरा मोकळ्या केल्या.

हृदय हललं नाही.

सरांनी ते तळहातात घेतलं आणि दाबायला लागले. सिस्टर किटलीतलं कोमट सलाइन ओतत होत्या. दाबा, सोडा. दाबा, सोडा. मी मिनिटं सांगायची थांबले होते. सांगून काय उपयोग?

मग सरांनी एकाएकी हात उघडला. हृदय त्यांच्या तळहातावर एकदा उडालं. थांबलं. पुन्हा उडालं. आणि चालायला लागलं.

सिस्टरांनी गॉझ मोजायला घेतले. बावीस वर्षांत त्यांची मोजणी कधी चुकली नव्हती. त्या दिवशी तीनदा मोजले आणि तीनदा वेगळे आकडे आले! शेवटी म्हणाल्या, “मॅडम, तुमी मोजा. मला दिसंना झालंय.”

नरसम्माला ऊब द्यायला बाहेरच्या लोकांनी चादरी दिल्या होत्या. सात-आठ चादरींखाली तिला बाहेर आणलं. राजय्या धावत आला. बायकोच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना, म्हणून त्यानं वरच्या चादरीचा काठ चाचपला.

“हे कोनाच्या मागावरचं हाय?” तो रडत रडत म्हणाला. “काठ लई सैल सोडलंय!”

*

गाठ कॅन्सरचीच असणार, असं सर धरून चालले होते. “बसेल ती दारात. वर्षभर तरी बसेल,” असं म्हणायचे.

गाठ तपासायला डॉ. दामल्यांकडे गेली. दामले म्हणजे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेले आणि जगावर रागावलेले गृहस्थ. चार दिवसांनी त्यांची चिठ्ठी आली. ‘हृदयातील म्हणून पाठविलेला नमुना हृदयाचा नसून गर्भाशयाच्या साध्या, निरुपद्रवी गाठीचा आहे. लेबले लावताना काळजी घेत जावी.’

सिस्टरांनी चिठ्ठी वाचली. टोपी नीट केली. जिना चढून दामल्यांच्या खोलीत गेल्या. आम्ही सगळे मागोमाग.

“डॉक्टर, बावीस वर्षं मी लेबलं लावतेय. माझं लेबल चुकत न्हाय. त्या बाईचं शरीर चुकलं आसंल!”

दामले पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळले. सर मात्र एकदम वॉर्डाकडे पळाले. पळताना त्यांना मी तेवढं एकदाच बघितलं. नरसम्माला विचारलं तेव्हा कळलं की पाच वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली होती, गाठी झाल्या म्हणून. तिथल्याच एका गाठीचा कोंब शिरेत शिरला होता आणि पाच वर्षं आतल्या आत वर चढत होता. कॅन्सर नव्हताच तो! दामल्यांनी पुढं महिनाभर पुस्तकं चाळली. जगात असे पेशंट फार थोडे सापडले होते. दामले सिस्टरांना ‘नमस्कार’ म्हणायला लागले, ते तेव्हापासून.

नरसम्मा तेविसाव्या दिवशी चालत घरी गेली. सरांना म्हणाली, “आता हितनं जाताना माझ्या दारावरनं जावा. हाक मारते.”

सर तिच्या दारावरून कधी गेले नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. तसा दुसरा पेशंटही पुन्हा आला नाही. म्हणजे आले असतील, पण दुखणं कळायच्या आधीच गेले असतील.

*

सर अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. मशीन त्यांच्या वेळेत आलं नाही. आई वारली होती. सोलापुरात आता काय ठेवलंय, म्हणून ते विजापूरकडे पुतण्याच्या गावी राहायला निघाले.

दुपारची गाडी होती. स्टेशनवर आम्ही तिघं. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांचं एक खोकं. रसूलभाईंनी सगळं आत नेऊन जागेवर लावलं. सिस्टरांनी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. मी काय द्यायचं, ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही. सर खाली प्लॅटफॉर्मवर उभे राहून गाडी कधी सुटते ते बघत होते, आणि कुणाकडेच बघत नव्हते.

तेवढ्यात पुलावरून नरसम्मा येताना दिसली. भरभर, पायऱ्या उतरत. कुणी सांगितलं तिला, देव जाणे. अंगाला तंबाखूचा वास, बोटं पिवळी. सरांपुढं ती उभी राहिली आणि धापा टाकायला लागली.

मग सरांनी कोटाच्या खिशातून स्टेथोस्कोप काढला.

“ऐकू का?” त्यांनी विचारलं.

तिनं पदर सावरला आणि मान हलवली. सरांनी भर प्लॅटफॉर्मवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धक्क्यात, स्टेथोस्कोप तिच्या छातीला लावला आणि डोळे मिटले.

गार्डनं शिट्टी दिली. हिरवा बावटा हलला. सरांनी डोळे उघडले नाहीत.

गाडी हलली. रसूलभाई ओरडले, “साब! ट्रंक अंदर है!” आणि डब्याबरोबर धावायला लागले. सिस्टरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. डबे एक एक करून पुढं सरकत गेले. शेवटचा डबा गेला, आणि रुळांपलीकडचं ऊन एकदम समोर आलं.

मी सरांच्या अगदी जवळ गेले.

“सर,” मी म्हटलं, “गाडी गेली.”

सरांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

“श्शू!” ते म्हणाले.